रेषेच्या अलीकडचा दम

इंग्रजीतल्या ‘डीप’ या एवढ्याशा शब्दावर माझं पोट चालतं असं म्हटलं, तर फार खोटं होणार नाही. मी जाहिरातींचं मराठी करते. शाम्पूच्या बाटलीमागचा मजकूर, गादीच्या दुकानाचं पत्रक, घर साफ करून देणाऱ्या कंपनीचा फलक, फ्रिजबरोबर येणारी आणि कुणीही न वाचणारी पुस्तिका, हे सगळं माझ्याकडे इंग्रजीत येतं आणि मी त्याला मराठी कपडे घालून परत पाठवते. यातल्या प्रत्येकात कुठे ना कुठे ‘डीप’ असतोच. शाम्पू केसांना डीप पोषण देतो, गादी डीप झोप देते, कंपनीची माणसं येऊन डीप सफाई करतात, आणि फ्रिज तर जन्मतःच डीप. विहिरीत डोकावताना सुचलेला शब्द इंग्रजांनी पुढे दिसेल त्या वस्तूला लावून टाकला, असं माझं मत आहे.

आपल्याकडे असली काटकसर नाही. पाणी खोल असतं, झोप गाढ असते, रंग गडद असतो. रान घनदाट, अभ्यास सखोल, ताटली खोलगट, आवाज भारदस्त. म्हणजे त्यांच्या एका शब्दासाठी मला आख्खं कपाट उघडून बसावं लागतं, आणि पैसे मिळतात ते एकाच शब्दाचे. एका सफाई कंपनीला मी ‘सखोल स्वच्छता’ लिहून दिलं, तर तिथला माणूस फोनवर म्हणाला, “मॅडम, हे एकदम सरकारी वाटतंय. जरा कॅची द्या ना.” मी ‘कानाकोपऱ्याची सफाई’ दिलं. त्याला ते फार आवडलं. मग त्याने फलक छापला आणि वर मोठ्या अक्षरात ‘डीप क्लीनिंग’ असंच ठेवलं, देवनागरीत. दादरला पुलाखाली तो फलक अजून आहे. मी त्या बाजूने जाताना मान दुसरीकडे वळवते.

आमच्या घरात मात्र या शब्दावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. आई शाळेत चौथीपर्यंत गेली, पण ‘डीप’ तिने केव्हाच आपलासा केला. तिच्या भाषेत डीप म्हणजे फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा. “बांगडे डीपात टाक,” “डीपातला नारळ काढ.” चक्क विभक्ती लावून. हिंदमाताला साडी घेऊन झाली की बाजूच्या गल्लीतला शिंपी विचारतो, “मावशी, पाठीला डीप करू?” तेव्हा ती क्षणभरही न गोंधळता म्हणते, “डीप नको हां. पाठ काय वाऱ्यावर सोडायचीय?” माझ्या कॉलेजातल्या मुलीचा डीप तिसराच. तिला काही पटलं, की ती डोळे मिटून “डीप आहे हां” म्हणते. परवा आई सहज म्हणाली, की टॉवरात आल्यापासून शेजारी कोण आजारी आहे ते तिसऱ्या दिवशी कळतं. त्यावर मुलगी म्हणाली, “आजी, डीप!” आई उठून फ्रिज नीट लागलाय का ते बघून आली.

बाबांचा डीप टीव्हीवरच्या कबड्डीतला. कुणी चढाईत खोलवर घुसला आणि समालोचक ‘डीप रेड’ म्हणून ओरडला की बाबा त्याच्यावर ओरडायचे. “आत गेला म्हण की रे! आणि दम कुठाय ह्याचा? घड्याळ लावून खेळतात. दम घालतोय की सुपारी चघळतोय, काय कळत नाय.”

बाबांना हे बोलायचा हक्क होता. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीसमोरच्या मैदानात ते चढाईला जायचे. मिलमध्ये नोकरी लागली ती मिलला संघासाठी चढाईपटू हवा होता म्हणून, आणि काम मिळालं ते जिथे दिवसभर कापूस उडतो त्या खात्यात. मिल गेली, मग त्यांनी एका दुकानाच्या दारावर पहारा केला, तेही संपलं. चाळ पाडून टॉवर झाला. उरलं ते एवढंच, की लालबाग मार्केटात अजून कुणीतरी म्हातारा त्यांना थांबवून विचारतो, “काय चढाई, बरं हाय ना?”

गेल्या वर्षी ते स्वतःच थांबायला लागले. बाजारात जाताना मिरच्यांच्या दुकानासमोर थांबायचे, एखादी मिरची उचलून उजेडात धरायचे. पुढे भांडीवाल्याकडे थांबून पितळेचा तांब्या न्याहाळायचे. आई वैतागून म्हणायची, “ह्यांका कधीपासून मिरच्यांचा कौतुक? घरात तिखट लागला तर ताट सरकवतत.” आम्ही हसायचो. शेवटी एक दिवस ते चपलांच्या दुकानासमोर बायकांच्या सँडल्स बघत बराच वेळ उभे राहिले, तेव्हा आईने त्यांना सरळ परळच्या हॉस्पिटलात नेलं. वयोमानाने डोक्यावर परिणाम झाला असेल असं तिला वाटलं होतं. डोकं ठणठणीत निघालं. हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या आणि बायपास करायला हवी होती, लवकर.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी त्यांचे जुने एक्स-रे उजेडात धरले, मिलमधल्या खात्याबद्दल विचारलं आणि मान हलवली. फुप्फुसं आधी तयार व्हायला हवीत, नाहीतर ऑपरेशननंतर न्यूमोनियाची भीती. म्हणून त्यांनी बाबांना एक खेळणं दिलं. पारदर्शक प्लास्टिकचे शेजारी शेजारी तीन कप्पे, प्रत्येकात एक हलकी रंगीत गोळी, आणि खालून निघालेली एक नळी. नळी तोंडात धरायची आणि श्वास आत ओढायचा. थोडा ओढला तर एक गोळी वर जाते, भरपूर ओढला तर तिन्ही. डॉक्टर बाईंचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या आठवड्यापर्यंत तिन्ही गोळ्या वर गेलेल्या दाखवा, तारीख पक्की करू. नाही गेल्या तर तारीख पुढे. रक्तवाहिन्यांना मात्र तारीख पुढे ढकलायला कुणी सांगणार नव्हतं. ते मला त्या खोलीतच कळलं.

खेळणं शिकवायला फिजिओथेरपीची एक तरतरीत मुलगी आली. बाबांनी आधी तिचीच चौकशी केली.

“कुठची गो तू?”

“वरळी, आजोबा. बीडीडी चाळ.”

बाबा पलंगावर ताठ बसले. “तुमच्याकडचा संघ भारी होता. पाय धरायचे. माझा गुडघा तुमच्या मैदानात गेलाय.”

“सॉरी आजोबा,” ती म्हणाली. तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. “आता ही नळी तोंडात धरा आणि डीप ब्रेथ घ्या. डीप, एकदम डीप.”

बाबांनी ते खेळणं मांडीवर घेतलं. तोंड भिंतीकडे करून सदऱ्याची बाही सारखी केली, नाक पुसलं, मग वळले आणि गंभीर चेहऱ्याने नळी ओठांत धरली. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. आम्ही तिघी, म्हणजे ती, मी आणि आई, त्या गोळ्यांकडे टक लावून बघत होतो. बाबांचा चेहरा लाल झाला. मग जांभळटपणाकडे झुकायला लागला.

“आजोबा, सोडा! सोडा!” मुलगी ओरडली.

बाबांनी सावकाश, ऐटीत श्वास सोडला आणि आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. “किती वेळ झाला?”

“वेळ नाही आजोबा, गोळी. गोळी वर जायला पाहिजे. आत घ्यायचाय, डीप.”

पुन्हा तेच झालं. भिंत, बाही, नाक, नळी, जांभळा चेहरा. गोळ्या तळाशी बसून राहिल्या. मुलीने त्यांच्या पाठीवर हळूच थोपटलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाली, “ताई, कपॅसिटी खूपच कमी दिसतेय. घरी करून घ्या, दर तासाला.”

घरी करून घेणं म्हणजे काय ते बाबांना ओळखणाऱ्यालाच कळेल. मी लॅपटॉप घेऊन दादरहून लालबागला मुक्कामाला आले. टीव्हीशेजारी ते खेळणं ठेवलं. दर तासाला मी ओरडायचे, “बाबा, डीप!” आणि बाबा म्हणायचे, “झाला माझा.” कधी झाला, कुणी बघितला, काही नाही. मी स्वयंपाकघरात गेले की झाला. मी अंघोळीला गेले की दोनदा झाला. समोर बसून करा म्हटलं, की तोच प्रकार. पाठ करून लेंग्याची नाडी घट्ट करायची, मग वळून नळी लावायची आणि फुगलेल्या गालांनी गोळ्यांकडे रागाने बघायचं, जणू त्यांनी फितुरी केलीय. आई म्हणाली, खेळणंच खराब असेल. माझ्या मुलीने नळी पुसून एकदा ओढून बघितली, तर तिन्ही गोळ्या टक टक टक करत वर जाऊन छताला लागल्या. तिने घाबरून लगेच सोडून दिलं. बाबांनी ते बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आठवडा संपला आणि आम्ही पुन्हा परळला गेलो. गोळ्या हलल्या नाहीत. डॉक्टर बाईंनी तारीख पुढे ढकलली.

परत येताना टॅक्सीत मी फार बोलले. जे बोलायला नको तेही बोलले. तुम्हाला जगायचं नाही का, असं विचारलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आई दोघांच्या मध्ये बसून पिशवीचे बंद पिरगाळत होती. घरी आल्यावर बाबा जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला आतून भयंकर भीती वाटत होती, आणि माझी भीती नेहमी रागाचे कपडे घालूनच बाहेर येते. हे त्यांच्याकडूनच आलंय मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. हवा शुद्ध करणाऱ्या एका यंत्राची जाहिरात होती. पहिलीच ओळ ‘टेक अ डीप ब्रेथ’. म्हटलं, घ्या, हेच राहिलं होतं. मराठीत श्वास खोल असतो की दीर्घ, यावर मी पूर्वीही एकदा डोकं आपटलं होतं. कवायतीच्या तासाला बाई ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणायच्या, म्हणजे लांब. इंग्रजांचा श्वास खाली उतरतो, आपला पुढे पुढे जातो. आणि बाबांचा श्वास? तो कुठेच जाताना दिसत नाही, असं मनात आलं आणि मी मान वर केली.

बाबा खिडकीशी उभे होते. पाठमोरे. खाली वाकून त्यांनी पायाच्या बोटांना हात लावला, मग उठून नाडी घट्ट केली. खांदे किंचित वर आले आणि तिथेच राहिले.

ही पाठ मी पाहिली होती. आमच्या चाळीसमोरच्या मैदानात, दोरीच्या बाहेर, आईच्या कमरेवर बसून. बाबा चढाईला निघाले की आधी समोरच्या संघाकडे पाठ करायचे. खाली वाकून माती कपाळाला लावायची, चड्डीची नाडी ओढायची, हात चोळायचे. सगळे म्हणायचे, काय श्रद्धा आहे बघा. मग ते वळायचे, आणि वळायचे तेच ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत. मधल्या रेषेवर पाय पडायच्या आधीच दम सुरू असायचा. मला तेव्हा एकच कोडं पडलं होतं आणि ते मी घरी जेवताना विचारलंही होतं. “बाबा, तुम्ही श्वास घेता कधी?”

बाबांनी आमटीचा भुरका मारून सांगितलं होतं, “रेषेच्या अलीकडे. पाठ करून. रेषेपलीकडे घेतला तर बाद. आणि घेताना समोरच्याला दिसला, तर त्याला कळतं आपल्याकडे किती शिल्लक हाय. मग तो तेवढाच वेळ थांबतो आणि धरतो.”

मी लॅपटॉप बाजूला सारला. बाबा वळले होते. गाल फुगलेले. हात खेळण्याकडे चालला होता.

“बाबा, थांबा! तुम्ही अलीकडेच भरून घेताय!”

बाबांनी श्वास सोडला, त्यासाठी त्यांना बराच वेळ लागला. “मग? पलीकडे घेतात काय?”

“अहो, इथे रेषा कुठाय?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हिला शिकवून फुकट गेलं. मग नळीचं टोक दाखवलं. “ही काय. तोंडाला लावली की पलीकडे.”

मी कपाळाला हात लावला. छाती आधीच गच्च भरलेली, तर नळीतून ओढणार काय आणि गोळी हलणार कशी! त्यांची कपॅसिटी कमी नव्हतीच. ती भरून, दाबून, जांभळी होईपर्यंत धरून ठेवलेली होती, आणि हॉस्पिटलातली सगळी माणसं तळाशी बसलेल्या गोळ्या बघून हळहळत होती. मी हसायला लागले. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. थोडी रडतही होते.

“बाबा, उलटं आहे हे. रिकामं व्हायचं, नळी लावायची आणि मग घ्यायचा. सगळ्यांना दिसेल असा.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळे कोण? मी आणि आई.”

“आणि ती वरळीची? तिच्यासमोर दम दाखवू?” बाबा खुर्चीत बसले. मग जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, “किती शिल्लक हाय ते मलाच कळंना झालंय. त्यांना कशाला दाखवू?”

तेव्हा मला मिरच्या आठवल्या. पितळेचा तांब्या आणि त्या बायकांच्या सँडल्सही. प्रत्येक दुकानाकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. ते वर्षभर लालबागच्या बाजारात सगळ्यांच्या देखत, कुणालाही न दिसता श्वास घेत होते. माझा सगळा राग गळून गेला, आणि त्या जागी जे आलं ते मला सहन होईना.

आई मात्र हात पुसत पदर खोचून उभी राहिली. “इतकी वर्सा एका खोलीत काढली, माका दिसलो नाय काय तुमचो श्वास? घोरतास तेव्हा चाळ जागी व्हायची!” मग ती स्वतःच वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “घेवा. मी कॅलेंडर बघतंय.”

मीही वळले. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं तेवढं किणकिणणं. आणि मग पाठीमागे एक बारीकसा आवाज आला. टक.

“एक गेली,” आई भिंतीला म्हणाली.

पुढचे दिवस आमच्या घरात फार चमत्कारिक गेले. तास झाला की सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करायच्या. माझी मुलगी आली की तीही फोन घेऊन कोपऱ्यात वळायची. कान तेवढे मागे. एक टक आला की गप्प, दोन आले की आई नुसती मान हलवायची. दूध घेऊन आलेल्या शेजारणीला दारातून दिसलं ते हे, की घरातले सगळे आजोबांवर रुसलेत. तिने खाली जाऊन तसं सांगितलंही. बाबांना या सगळ्याची मजा वाटायला लागली होती. टीव्हीवर कबड्डी लागली की ते मधेच नळी उचलायचे आणि जाहिराती संपेपर्यंत आम्हाला भिंतीकडे उभं ठेवायचे. तिसरी गोळी मात्र अर्ध्यावर जाऊन परत यायची. ती वरपर्यंत पोचत नाही हे न बघताही कळायचं, कारण तिचा टक कधी आलाच नाही.

नव्या तारखेआधी पुन्हा परळ. फिजिओथेरपीची मुलगी खेळणं घेऊन आली. बाबांनी तिला हाताने वळायची खूण केली.

“काय आजोबा?”

“पाठ कर.”

“मी बघितलं नाही तर मॅडमना सांगू काय?”

“कान हायत ना तुला? ऐक.”

मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, “माझे पप्पा पण खेळायचे. ते सांगायचे, लालबागवाल्यांचा दम कळत नाही.” आणि ती वळली. बाबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी आजवर कुठल्याही जाहिरातीत मराठी शब्द वापरलेला नाही, इंग्रजीतही नसावा.

आम्ही तिघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते मी नीट वाचून काढलं. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाई आत आल्या. समोर पेशंट आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या तीन बायका.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“मॅडम, प्लीज, पाठ करा,” फिजिओथेरपीची मुलगी न वळता म्हणाली.

डॉक्टर बाईंना काय वाटलं असेल कोण जाणे. पण आवाजावरून कळलं, की त्यांच्या चपला वळल्या.

टक. टक.

मग काही नाही. आईने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती. मी स्वतःच श्वास धरून ठेवलाय हे माझ्या लक्षात आलं. आणि अगदी शेवटी, आता होत नाही असं वाटत असताना, तिसरा टक आला. बारीक, पण स्वच्छ. मी वळले तेव्हा बाबा नळी बाजूला ठेवून बाही सारखी करत होते, जसं काही झालंच नाही.

“करू या,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. ते किती वेळ चाललं आणि आम्ही बाहेर काय करत होतो, ते मला लिहायचं नाही. दोन दिवसांनी त्यांना वॉर्डात आणलं. बाबा इतके लहान दिसत होते, की मी आधी शेजारच्या पलंगाकडे गेले. छातीवर पांढरी पट्टी, पोटाशी एक उशी धरलेली. खोकला आला की ती उशी छातीवर घट्ट दाबायची, म्हणजे टाके ओढत नाहीत. बाजूच्या टेबलावर तेच तीन कप्प्यांचं खेळणं.

वरळीची मुलगी येऊन गेली होती. जाताना मला म्हणाली, “ताई, डीप ब्रीदिंग चालू ठेवा. दुखेल, पण करायला लावा.” आणि बाबांना म्हणाली, “आजोबा, मी येते. तुम्ही घ्या.” ती गेली आणि मी सवयीने खिडकीकडे वळून उभी राहिले. खालच्या रस्त्यावर एक माणूस केळी विकत होता. कुणीतरी त्याच्याशी भाव करत होतं. मी त्या दोघांकडे बघत टकची वाट बघितली.

टक आला नाही. नुसती एक गोळी किंचित उचलून खाली पडल्याचा आवाज आला. पुन्हा तसाच. मग बराच वेळ काहीच नाही.

“इकडे बघ,” बाबा म्हणाले.

मी वळले. त्यांनी नळी ओठांत धरली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि श्वास घेतला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा श्वास घेताना बघत होते. नाकपुड्या फाकल्या, गळ्याजवळची कातडी आत गेली, पट्टीखालची छाती थरथरत वर आली आणि वेदनेने चेहरा वाकडा झाला. पहिली गोळी तळापासून उठली, अर्ध्यावर जाऊन डळमळली आणि परत खाली आली. त्यांनी नळी काढली.

“एवढाच हाय आज,” ते म्हणाले. “एवढ्याला डीप म्हणतात काय?”

“म्हणतात,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. उशी सारखी केली. मी डोळे पुसून पुन्हा खिडकीकडे वळायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

“आता पाठ कशाला? चढाई झाली माझी,” ते म्हणाले. “आपल्या अंगणात परत आल्यावर सगळ्यांसमोर दम घ्यायचा असतो.”

आणि त्यांनी पुन्हा नळी तोंडात धरली. मी पलंगाच्या कडेला बसले आणि गोळी खाली येईपर्यंत बघत राहिले.